जिथं नारळ फुटला नव्हता

पंचगंगा कोल्हापूर मागं टाकून पूर्वेला निघाली की तिला कसली घाई म्हणून उरत नाही. उसाच्या रानांना वळसे घालत, वीटभट्ट्यांची माती ओली करत ती आपल्या चालीनं जाते. तशाच एका वळणावरच्या गावात चनबसाप्पा नोकरीला होता. नोकरी आरोग्यसेवकाची, म्हणजे मुख्यत्वे डासांची. लोकांच्या रांजणात डोकं घालायचं, अळ्या दिसल्या की रांजण ओतायचा, घरातल्या बाईच्या शिव्या खायच्या, भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची आणि पुढच्या दाराला जायचं. वीस वर्षं त्यानं हे केलं. गाव त्याला डासमास्तर म्हणत असे, आणि त्यालाही त्यात वावगं वाटत नसे.

त्याचा आवाज मोठा होता. आठवड्याचा कोरडा दिवस सांगायला त्याला कधी दवंडी लागली नाही. वेशीत उभा राहून तो 'भांडी पालथी घाला' म्हणाला, की नदीपलीकडच्या गावातही दोन-चार बायका भांडी पालथी घालायच्या. सल्लाही तो त्याच आवाजात द्यायचा. ताप आलेल्याला, लग्न ठरलेल्याला, बैल विकायला निघालेल्याला, कुणालाही. न मागता देणं हा त्याचा मोठेपणा होता.

दोन हजार सहा साली चिकुनगुन्या आला. अर्धं गाव वाकून चालू लागलं आणि चनबसाप्पाचा मान वाढला. त्याच वर्षी कोल्हापूरहून निरोप आला, की किशोरवयीन मुलांच्या मनाच्या आरोग्याचं प्रशिक्षण आहे, प्रत्येक केंद्रातून एक माणूस पाठवावा. खरं म्हणजे सिस्टरबाई जायच्या. पण त्यांच्या घरी लेकीचं लग्न होतं. राहिला चनबसाप्पा. मनाचं आणि डासाचं काय नातं, ते त्यानं विचारलं नाही. दुपारचं जेवण आहे एवढं विचारलं.

शिकवायला डॉक्टर रोहिणी मगदूम होत्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. मनाच्या आजारांच्या डॉक्टर जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पोरं गावोगाव. म्हणून, त्या म्हणाल्या, ठिकठिकाणी अभ्यास झाले, त्यात असं दिसलं, की साध्या माणसाला नीट शिकवलं आणि त्याच्यामागं डॉक्टर उभा राहिला, तर तोही पोरांच्या उपयोगी पडतो. फक्त त्यानं ऐकायला शिकलं पाहिजे. मग त्यांनी जोड्या पाडल्या. एकानं दुःखी पोर व्हायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. चनबसाप्पासमोरचं दुःखी पोर म्हणजे गगनबावड्याकडचा एक मिशीवाला आरोग्यसेवक. त्यानं पहिला सुस्कारा टाकला आणि चनबसाप्पानं त्याला पहाटे उठून जोर काढायला सांगितलं. बाईंनी मग चनबसाप्पाच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला. तोंडात विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चनबसाप्पानं तो कडकन चावला आणि बोलायला लागला. बाईंनी दुसरा खडा दिला. संध्याकाळपर्यंत त्याला चघळायला जमलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न शिकवले. झोप लागते का, भूक लागते का, आवडायचं ते अजून आवडतं का. शेवटचा प्रश्न मरणाचा. जगू नये असं वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का, असं सरळ विचारायचं, आडून नाही. हॉलमध्ये कुजबुज झाली. असलं विचारलं तर नसलेलं पोराच्या डोक्यात जाईल, असं सगळ्यांचं म्हणणं. बाईंनी मान हलवली. हीच भीती शिकलेल्या डॉक्टरांनाही होती, म्हणून हे तपासून बघितलं गेलं, त्या म्हणाल्या. शाळकरी पोरांचे दोन गट केले. एका गटाला विचारलं, दुसऱ्याला नाही. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरलं नाही. उलट जे आधीच ते ओझं घेऊन फिरत होते, त्यांना जरा हलकं वाटलं. आणखी एक त्यांनी सांगितलं, की पोर अचानक आपल्या आवडीच्या वस्तू वाटू लागलं तर उशीर करू नका.

मग प्रत्येकाला उभं करून तो प्रश्न मोठ्यानं म्हणायला लावला. चनबसाप्पानं म्हटला तो बाहेरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू गेला. त्याला तिथं काही जड गेलं नाही. सरकारी हॉलला वास्तुशांत कुठली?

जड गेलं ते गावात आल्यावर.

कारण चनबसाप्पा शांतव्वाचा मुलगा होता. शांतव्वाच्या घरात मीठ कधी संपलं नाही, ते 'वाढलं'. दिवा कधी विझवला नाही, त्याला निरोप दिला. घरातून कुणी कधी 'जातो' म्हणून गेलं नाही. वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणत असते, हे तिनं लेकाला भाकरीबरोबर भरवलं होतं. चनबसाप्पाला ते खरं वाटत होतं असं नाही. पण खोटं आहे हे बघण्यासाठी कुणाच्या घरात उभं राहून मरणाचं नाव घ्यायची त्याची तयारी नव्हती. रांजण ओतला तर बाई शिव्या देते, तेवढ्यावर भागतं. हा शब्द खरा ठरला तर भरून देता येत नाही.

म्हणून तो घरोघर पोरांना झोपेचं विचारी, भुकेचं विचारी, आणि शेवटच्या प्रश्नाशी आला की वर आढ्याकडं बघून उठे. महिन्याच्या बैठकीत बाईंनी विचारलं, तेव्हा त्यानं सांगून टाकलं, की आमच्या गावात तसलं कुणी नाही.

"एकालाही कधी वाटलं नाही?" बाई म्हणाल्या. "मग मीच येते तिकडं राहायला."

सगळे हसले, चनबसाप्पाही हसला. परतताना त्याची एम-एटी दुचाकी शिरोलीच्या फौंड्र्यांच्या धुरात शिरली, तोवर तो हसत होता. धुरातून बाहेर आला तेव्हा हसू कुठंतरी पडलं होतं.

त्या गावात अण्णाप्पा म्हणून जैन शेतकरी होता. चार एकर ऊस, दोन म्हशी, आणि आवाजात चनबसाप्पाच्या तोडीस तोड. दोघं चहाच्या टपरीवर बोलत बसले की तिसऱ्याला भांडण वाटे. अण्णाप्पाचा एकुलता मुलगा जिनेश. दहावीला तो शाळेत पहिला आला, तेव्हा अण्णाप्पानं नदीपलीकडंही पेढे धाडले. पुढं पोराला कोल्हापुरात वसतिगृहात ठेवलं, अकरावी सायन्सला. दिवाळीला पोर घरी आलं आणि परत गेलं नाही. आज जातो, उद्या जातो, असं करत थंडी सरली.

दिवसा झोपायचं, रात्री जागायचं. बोलायचं नाही. गावानं रीतीप्रमाणं सल्ले दिले. मामानं पुण्याला न्या म्हणून सांगितलं, शेजाऱ्यानं रानात राबवा म्हणून. अण्णाप्पाला वाटलं चिकुनगुन्या हाडात राहिला असावा. त्यानं चनबसाप्पाला बोलावून रक्त बघायला सांगितलं. चनबसाप्पानं पोराच्या बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर थेंब घेतला. पोरानं हात मागं घेतला नाही की तोंड वाकडं केलं नाही. बोट दुसऱ्या कुणाचं असावं तसा बघत राहिला. आठवड्यानं काचपट्टीचा निकाल आला. काचपट्टीवर हिवतापच तेवढा दिसतो, आणि तो नव्हता. अण्णाप्पानं टपरीवर सगळ्यांना सांगितलं, की पोराचं रक्त एक नंबर आहे, आळस तेवढा आहे.

निकाल सांगायला चनबसाप्पा घरी गेला, तेव्हा जिनेशची आई सीताबाई गहू निवडत होती. तिचा चेहरा मात्र खुलला होता. पोर दहावीला असताना चातुर्मासात गावात मुनी महाराज होते, त्यांच्या प्रवचनाला पोर रोज जायचं, त्याचं आता फळ दिसतंय, असं ती म्हणाली. घरात सगळे दिवस बुडायच्या आत जेवतात, तर हा ते एक जेवणही सोडून देतो. घड्याळ चुलतभावाला दिलं. बॅट शेजारच्या पोराला दिली. परवा पुस्तकंही देऊन टाकली.

"त्याग शिकलं बघा माझं पोर," ती म्हणाली. "एवढ्या वयात कुणाला जमतंय?"

चनबसाप्पाला वस्तू वाटण्याबद्दलचं बाईंचं बोलणं आठवलं. पोराचा त्याग खरा असेल तर त्याला कुणी हात लावू नये. आणि खरा नसेल तर? सीताबाई गहू निवडत राहिली. सुपातून खडे टिपून बाजूला टाकत होती, आणि तिच्या तोंडावर असं समाधान होतं की चनबसाप्पाला तिच्याकडं बघवेना.

जिनेश सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. चनबसाप्पा समोर बसला. झोपेचं विचारलं. पोर म्हणालं, लागत नाही. भुकेचं विचारलं. नाही. क्रिकेटचं विचारलं, तर पोरानं नुसती मान हलवली. मग शेवटचा प्रश्न आला. चनबसाप्पानं तोंड उघडलं. वर सागवानी तुळई होती, तिला हळदीकुंकवाचे जुने डाग होते. तो तिच्याकडं बघत राहिला आणि तोंड मिटून उठला. जाता जाता रांजण झाकून ठेवायला सांगितलं.

बाहेर येऊन त्यानं चपला घातल्या, एम-एटीच्या किकवर पाय ठेवला. पाय तसाच राहिला. आपण आता घर सोडून निघालोय, आणि उद्या या घरातून काही निरोप आला तर आपल्याला आधीच ठाऊक होतं हे वास्तू विसरेल, पण आपण विसरणार नाही, असं काहीसं त्याच्या मनात आलं. त्यानं पाय खाली घेतला.

"जिनेश," तो ओरडला, "जरा भायेर ये."

पोर आलं. चनबसाप्पानं त्याला घेऊन चालायला सुरुवात केली. अंगणात थांबणार होता, पण अंगण घराचंच. गोठ्यापाशी आला, तर गोठ्याच्या चौकटीला आंब्याचं वाळकं तोरण होतं. विहिरीवर दर पाडव्याला पूजा होते. पुढं पाण्याच्या मोटारीची खोली लागली. ती बांधली तेव्हा अण्णाप्पानं नारळ फोडून सगळ्या गावाला खोबरं वाटलं होतं, चनबसाप्पानं स्वतः खाल्लं होतं. तिथंही बोलता येईना. माणसानं देवाच्या नावानं इतकी जागा अडवून ठेवली आहे, हे त्याच्या आधी कधी ध्यानात आलं नव्हतं. उसाला तुरे आले होते. उन्हं तिरपी झाली होती आणि पाटाच्या पाण्यावर बगळे एका पायावर उभे होते. दोघं बांधावरून पुढं, आणखी पुढं चालत राहिले. पोरानं कुठं चाललोय म्हणून विचारलं नाही.

डांबरी रस्त्याखाली पाण्याला वाट म्हणून सिमेंटची मोरी बांधलेली होती. कंत्राटदारानं घाईनं बांधली, उद्घाटनाला कुणी आलं नाही. तिला नारळ फुटला नव्हता. चनबसाप्पा तिच्या कठड्यावर बसला. पोराला बसवलं.

मग त्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू, की त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही, म्हणून परत विचारलं.

"जिनेश, जीव द्यावा असं येतंय का रं मनात?"

पोर पाण्याकडं बघत होतं. चनबसाप्पाला सल्ले सुचू लागले. सगळे चांगले होते. खडीसाखर जवळ नव्हती, म्हणून त्यानं हरळीची काडी तोडून दातांत धरली. एक ट्रॅक्टर उसाच्या मोळ्या घेऊन गेला. त्याची धूळ खाली बसली.

"व्हय," पोर म्हणालं. थोड्या वेळानं म्हणालं, "काका, समदी सांगत्यात. इचारलं तुमीच."

आणि मग ते बोलत सुटलं. वर्गात सगळं इंग्रजीत चालतं. पहिल्या महिन्यापासून एक अक्षर कळलं नाही. चाचणीत नापास झाला, तेव्हा गावात पेढे खाल्लेले चेहरे एकेक करून डोळ्यांपुढं आले. गावात तोंड दाखवायचं कसं, आणि नाही दाखवायचं तर जायचं कुठं. वस्तू कुणाला द्यायच्या तेही त्यानं ठरवलेलं होतं. सगळं सांगून झालं, तेव्हा काडी चावून चावून चनबसाप्पाच्या जिभेला हिरवा रंग आला होता. त्यानं एकही सल्ला दिला नाही. तो दिवस त्याच्या नोकरीतला सगळ्यात कष्टाचा.

शेवटी पोर म्हणालं, आण्णांना सांगू नका. चनबसाप्पाला हेही शिकवलेलं होतं, की असला शब्द द्यायचा नाही.

"सांगणार," तो म्हणाला. "पण तुझ्याम्होरं सांगणार. आन तवर तुला सोडून मी कुटं जात न्हाय."

अण्णाप्पाला त्यानं अंगणाच्या बाहेर रस्त्यावर बोलावून सांगितलं. पोर शेजारी उभं होतं. अण्णाप्पाचा चेहरा तांबडा झाला. माझ्या पोराला तू असलं विचारलंस, असलं अभद्र त्याच्या डोक्यात तूच घातलंस, असं तो म्हणाला, आणि ते आळीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. चनबसाप्पानं ऐकून घेतलं.

"मी घातलं असतं," तो म्हणाला, "तर दोन तास बोलाय त्याला जमलं असतं व्हय?"

अण्णाप्पानं त्याची गचांडी धरायला हात उचलला होता. तेवढ्यात सीताबाई दारातून खाली आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही, चनबसाप्पाकडंही नाही. पोराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"जेवाण सोडलंस ते धर्मासाठी न्हवं व्हय रं?"

जिनेशनं नाही म्हणून मान हलवली. सीताबाईनं त्याचा हात धरला आणि उद्या पहिल्या एसटीनं कोल्हापूरला जायचं म्हणून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. त्या रात्री तिनं पोराशेजारीच अंथरूण टाकलं.

डॉक्टर बाईंकडं येणंजाणं सुरू झालं. दर आठवड्याला, मग पंधरवड्याला. काही दिवस गोळ्या होत्या, बोलणं जास्त होतं. बाईंच्या सांगण्यावरून सायन्स सुटलं, पुढच्या वर्षी जवळच्या गावात मराठीतून अकरावी धरायची ठरली. गावात थोडी चर्चा झाली आणि साखर कारखान्याची निवडणूक आल्यावर थांबली. अण्णाप्पा चनबसाप्पाशी बोलत नव्हता. टपरीवर दोघं पाठीला पाठ लावून चहा पीत.

चनबसाप्पानं बाईंना विचारून घेतलं, की प्रश्न घराबाहेर नेऊन विचारला तर चालतो का. अभ्यासात घर की बाहेर असं काही बघितलेलं नाही, बाई म्हणाल्या, सरळ आणि एकट्यात विचारला म्हणजे झालं. पुढच्या प्रशिक्षणात त्यांनी ते इतरांनाही सांगितलं. गगनबावड्याकडच्या मिशीवाल्याला उपयोग नव्हता. तिकडं पावसात बाहेर उभं राहता येत नाही.

पण बाईंनी अण्णाप्पालाही एक काम लावलं होतं. एकदा विचारून भागत नाही, घरच्यांनी परत परत विचारायचं. अण्णाप्पा आठ दिवस टाळत राहिला. मग एके संध्याकाळी तो टपरीवर आला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा चनबसाप्पाच्या कानाशी बोलला.

"ती तुजी मोरी कुटली?"

तेव्हापासून बापलेक रोज जेवण उरकून मोरीवर जाऊ लागले. अण्णाप्पा विचारायचा. पहिल्या दिवशी त्याला तीनदा घसा खाकरावा लागला. पोर म्हणालं, "व्हय, थोडं." दुसऱ्या दिवशीही तेच. अण्णाप्पा चनबसाप्पाला येऊन सांगायचा, आणि चनबसाप्पा म्हणायचा, उद्या परत विचार. उन्हाळ्यात एक दिवस पोर म्हणालं, "आज न्हाय." अण्णाप्पानं त्या दिवशी पेढे आणले नाहीत. शिकला होता.

पाऊस लागून उघडला. जिनेश नव्या कॉलेजात जाऊ लागला, जेवू लागला. बॅट परत मागून आणली, घड्याळ राहू दिलं. आणि एक दिवस बापाला म्हणाला, की आता रोज विचारू नका, लागलं तर मीच सांगेन. अण्णाप्पा घाबरून चनबसाप्पाकडं आला. विचारायचं बंद करायचं की नाही? चनबसाप्पानं किराणा दुकानातल्या लाल फोनवरून बाईंना विचारलं. किती दिवस विचारायचं हे अजून कुणी नक्की शोधून काढलेलं नाही, बाई म्हणाल्या, त्यालाच विचारा. अण्णाप्पानं विचारलं. पोरानं आयतवार ठरवून दिला.

पहिल्या आयतवारी चनबसाप्पा टपरीवर वाट बघत बसला. एवढ्या दिवसांत त्यानं आणखी बऱ्याच पोरांना घराबाहेर काढून विचारलं होतं. पण या एकाचा जबाब ऐकल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. अंधार पडून बराच वेळ झाला, तेव्हा अण्णाप्पा आला. बाकावर बसला आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. चनबसाप्पा त्याच्याकडं सरकला.

"व्हय म्हटला?"

"न्हाय म्हटला," अण्णाप्पा म्हणाला. "आन मलाच इचारलं त्येनं. आण्णा, तुमाला कवा वाटलंय का, म्हणून."

टपरीवाल्यानं दोन चहा ठेवले.

"मला आजवर कुनी इचारलं न्हवतं, बसाप्पा."

"मग?"

"मग काय. सांगत बसलो की. म्हनून तर उशीर झाला."